कार्बनचे नॅनोकण आणि पाण्यातले जीव : दोषी कोण, हे कसे ठरवावे?



कार्बनच्या धड्यात हिरा आणि ग्रॅफाइट ही दोन रूपे आपण शिकतो. एक अतिशय कठीण, दुसरे पेन्सिलीच्या टोकातले मऊ. दोन्हींत अणू कार्बनचेच, फरक फक्त त्यांच्या मांडणीचा. गेल्या चाळीस वर्षांत या कुटुंबात आणखी काही भावंडे दाखल झाली आहेत. ती इतकी लहान आहेत की त्यांना मोजायला नॅनोमीटर लागतो. एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते, यावरून कल्पना करा.

हे नवे पदार्थ माणसाच्या उपयोगाचे आहेत. पण वापरात आलेली वस्तू कधी ना कधी नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाते. तेव्हा पाण्यात राहणाऱ्या जीवांना ती बाधते का, हा प्रश्न येतोच. या लेखात आम्ही त्या प्रश्नाची हकिकत सांगणार आहोत. ती सांगण्यामागे आणखी एक हेतू आहे. ‘अमुक पदार्थ विषारी आहे’ किंवा ‘अमुक पदार्थ पूर्ण सुरक्षित आहे’ असे कुणी ठासून सांगितले, तर त्याला उलट कोणते प्रश्न विचारायचे, हे या हकिकतीतून फार चांगले शिकता येते.

नवी भावंडे

१९८५ साली हॅरल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांनी अमेरिकेतील राइस विद्यापीठात कार्बनच्या साठ अणूंचा एक पोकळ गोळा शोधून काढला. त्याची रचना फुटबॉलसारखी असते : बारा पंचकोन आणि वीस षटकोन. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन वास्तुरचनाकाराच्या घुमटांशी तो मिळताजुळता म्हणून त्याला ‘फुलरिन’ हे नाव पडले. (फुलरच्या कल्पनेवरून आपल्या गुजरातेतही, अहमदाबादला, १९६० च्या दशकात कॅलिको घुमट उभा राहिला होता.) या तिघांना १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साठ अणूंच्या या गोळ्याला शास्त्रज्ञ थोडक्यात ‘सी-६०’ म्हणतात.

१९९१ साली जपानचे सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. षटकोनांच्या जाळीची गुंडाळी करावी तशी ही नळी असते. एकेरी भिंतीच्या नळीचा व्यास एक-दोन नॅनोमीटर, पण लांबी त्याच्या हजारो पट असू शकते. पुढे २००४ मध्ये एकाच थराची सपाट जाळी, म्हणजे ग्राफीन, वेगळी करण्यात आंद्रे गाइम आणि कोन्स्टान्टिन नोवोसेलोव्ह यांना यश आले. २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

हे पदार्थ आज केवळ प्रयोगशाळेत राहिलेले नाहीत. मोबाइल आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या लिथियम बॅटऱ्यांमध्ये, खेळाच्या साहित्यात आणि विशेष प्लास्टिकमध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या वापरतात. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’ सुरू केले.

२००४ चा प्रयोग

सी-६० चा माशांवर काय परिणाम होतो, हे पाहणारा एक प्रयोग २००४ साली जगभर गाजला. तो केला होता अमेरिकेतील डॅलस येथील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या इव्हा ओबरडॉर्स्टर यांनी. त्यांनी तिकडच्या तळ्यांत आढळणाऱ्या लार्जमाउथ बास या माशाची पिल्ले घेतली आणि ती सी-६० मिसळलेल्या पाण्यात ४८ तास ठेवली. प्रमाण होते दहा लाख भाग पाण्यात अर्धा भाग. आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत अर्धा ग्रॅम पूड टाकावी, तेवढे.

मासे मेले नाहीत. पण त्यांच्या मेंदूची तपासणी केली तेव्हा तिथल्या स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण झालेले आढळले. हे समजायला स्वयंपाकघरात जाऊ या. शेंगदाण्याचे तेल किंवा तळलेला फराळ बरेच दिवस हवेत राहिला की खवट होतो. हवेतल्या ऑक्सिजनने तेलाच्या रेणूंवर केलेला तो हल्ला असतो. प्रत्येक जिवंत पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते आणि मेंदूत तर स्निग्ध पदार्थ भरपूर. तिथे असाच हल्ला झाला, तर पेशींना इजा पोचते.

साहजिकच वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. नॅनोकणांनी माशांच्या मेंदूला इजा होते, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने आणि तिथल्या अभियांत्रिकी अकादमीने नॅनोतंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला. पुरेशी माहिती हाती येईपर्यंत कारखान्यात बनवलेले सुटे नॅनोकण पर्यावरणात सोडणे शक्य तितके टाळावे, असा सल्ला त्यात होता. सल्ला शहाणपणाचा होता. पण सी-६० वरचा आरोप सिद्ध झाला होता का?

संशय दुसऱ्यावरच

इथे एक अडचण लक्षात घ्या. सी-६० पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पाण्यात काजळी टाकून पाहा, ती वर तरंगत राहते. तसेच काहीसे हे. मग माशांच्या पाण्यात सी-६० मिसळायचा कसा? त्या काळी रूढ असलेली युक्ती अशी : आधी तो टेट्राहायड्रोफ्युरान नावाच्या सेंद्रिय द्रावकात घ्यायचा, ते द्रावण पाण्यात ओतायचे आणि मग द्रावक उडवून लावायचा. पाण्यात सी-६० चे अतिसूक्ष्म पुंजके तरंगत राहतात. २००४ च्या प्रयोगातही हीच युक्ती वापरली होती.

दुसरा मार्ग कष्टाचा, पण साधा होता. सी-६० ची पूड नुसत्या पाण्यात घालायची आणि आठवडेच्या आठवडे ढवळत राहायचे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही मार्गांनी केलेले पाणी शेजारी शेजारी तपासले गेले. ओबरडॉर्स्टर स्वतः त्या अभ्यासात सहभागी होत्या, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. आपलाच निष्कर्ष पुन्हा कसोटीला लावणे ही विज्ञानाची खरी रीत आहे.

निकाल डोळ्यांत भरण्यासारखा होता. द्रावकाच्या मार्गाने केलेल्या पाण्यात फॅटहेड मिनो जातीचे छोटे मासे ६ ते १८ तासांत सगळेच्या सगळे मेले. नुसते ढवळून केलेल्या पाण्यातल्या माशांवर ४८ तासांनंतरही वरवर काही परिणाम दिसला नाही. डॅफ्निया नावाचा एक चिमुकला कवचधारी जीव आहे. तो उड्या मारल्यासारखा पोहतो, म्हणून त्याला पाण्यातली पिसू म्हणतात. निम्म्या डॅफ्निया मरायला पहिल्या प्रकारचे पाणी दहा लाखांत ०.८ भाग इतके पुरले. दुसऱ्या प्रकारच्या पाण्यात ३५ भागांपर्यंत जाऊनही ती पातळी गाठली नाही.

सी-६० दोन्हीकडे होताच. मग फरक कशाचा? याचे नेमके उत्तर २००७ मध्ये अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या गटाने झेब्राफिशच्या पिल्लांवर प्रयोग करून दिले. झेब्राफिश हा आपल्याच देशातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले होते. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन होते.

टेनेसीच्या गटाने पाण्याचे वेगवेगळे प्रकार केले. एकात सी-६० आणि द्रावक, दुसऱ्यात सी-६० आणि नुसते पाणी. तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा : त्यात सी-६० अजिबात नव्हता, पण द्रावक घालण्या-उडवण्याची सगळी कृती जशीच्या तशी केली होती. पिल्ले पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात मेली, दुसऱ्यात जगली. म्हणजे जिथे सी-६० नव्हताच, तिथेही मृत्यू झाले! पाण्याचे रासायनिक पृथक्करण केल्यावर द्रावकाच्या ऑक्सिडीकरणातून तयार झालेले पदार्थ सापडले. त्यांतला गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन पिल्लांना विषारी असल्याचेही दिसून आले. या पिल्लांच्या मृत्यूचे कारण सी-६० नव्हे, तर त्याला पाण्यात आणणाऱ्या सोबत्याचे अवशेष होते.

त्या तिसऱ्या प्रकाराला विज्ञानात ‘नियंत्रण गट’ म्हणतात. ज्याच्यावर संशय आहे तेवढी एकच गोष्ट वगळायची आणि बाकी सारे तसेच ठेवायचे. नियंत्रण गट नसेल, तर प्रयोग म्हणजे एकाच बाजूची साक्ष ऐकून दिलेला निकाल.

मग सी-६० निर्दोष का?

इथवर वाचून ‘चला, सुटला बिचारा’ असे म्हणण्याचा मोह होईल. तोही आवरायला हवा. एका आरोपातून सुटका झाली म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळाला असे नव्हे.

नुसत्या ढवळलेल्या पाण्यातल्या त्या मिनो माशांवर वरवर परिणाम दिसला नव्हता, हे खरे. पण त्यांच्या कल्ल्यांची तपासणी केली तेव्हा स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण वाढलेले आढळले. डॅफ्निया २१ दिवस अशा पाण्यात ठेवल्या, तेव्हा दहा लाखांत २.५ आणि ५ भाग या प्रमाणांना त्यांची कात उशिरा पडली आणि पिल्लेही कमी झाली. दोन दिवसांच्या परीक्षेत जो उत्तीर्ण होतो, तो तीन आठवड्यांच्या परीक्षेत अडखळू शकतो.

नॅनोनळ्यांची गोष्ट आणखी निराळी. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये रेनबो ट्राउट माशांना दहा दिवसांपर्यंत एकेरी भिंतीच्या नळ्या मिसळलेल्या पाण्यात ठेवले. प्रमाण लिटरमागे ०.१ ते ०.५ मिलिग्रॅम. नळ्यांचे प्रमाण वाढले तसा माशांच्या श्वासाचा वेग वाढला, कल्ल्यांवर जास्त बुळबुळीत स्राव येऊ लागला आणि कल्ल्यांना इजाही झाली. या संशोधकांनी नळ्या पाण्यात पसरवण्यासाठी साबणासारखा एक पदार्थ वापरला होता, पण त्या पदार्थाचा नियंत्रण गटही शेजारी ठेवला होता. म्हणून त्यांच्या निष्कर्षाला वजन आहे.

अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठातील प्रयोगात डॅफ्नियांनी मजाच केली. नळ्या पाण्यात मिसळाव्यात म्हणून त्यांच्यावर स्निग्ध पदार्थाचा लेप दिला होता. डॅफ्नियांनी नळ्या गिळल्या, लेप अन्न म्हणून पचवला आणि उघड्या पडलेल्या नळ्यांचे काळे पुंजके आतड्यात साठले. पुढे दुसऱ्या एका गटाने किरणोत्सारी कार्बनची खूण असलेल्या नळ्या वापरून पाहिले. स्वच्छ पाण्यात सोडूनही डॅफ्नियांना त्या बाहेर टाकता येईनात. पाण्यात शेवाळ खायला दिल्यावर मात्र पोट साफ होऊ लागले. आतडे भरले होते, पण नळ्या शरीराच्या इतर भागांत फारशा शिरल्याचे आढळले नाही. ‘पोटात गेले’ आणि ‘अंगात भिनले’ यांतला फरक इथे दिसतो.

हाँगकाँगमधील प्रयोगात झेब्राफिशची अंडी लिटरमागे १२० मिलिग्रॅमहून जास्त नळ्यांच्या पाण्यात ठेवली, तेव्हा पिल्ले बाहेर यायला उशीर झाला. तरी ७५ तासांपर्यंत ९९ टक्के अंडी फुटून पिल्ले बाहेर आली होती. अंड्याच्या कवचाने नळ्यांना आत येऊ दिले नव्हते. तिथे संशय नळ्यांसोबत आलेल्या कोबाल्ट आणि निकेल या धातूंवरही होता, कारण नळ्या तयार करताना हे धातू उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि थोडे मागे उरतात. पुन्हा सोबतीचाच प्रश्न!

सोबत पाण्यातल्या इतर प्रदूषकांचीही असते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की सी-६० चे पुंजके असले की फेनान्थ्रीन या प्रदूषकाचा डॅफ्नियांवरील विषारी परिणाम वाढतो आणि पेंटाक्लोरोफिनॉलचा मात्र कमी होतो. एकच कण, एका सोबत्याला साथ देतो आणि दुसऱ्याला आवर घालतो.

पाच प्रश्न

या सगळ्याचे सार आम्ही पाच प्रश्नांत मांडतो. हे वहीत लिहून ठेवा. नॅनोकणच काय, कोणत्याही पदार्थाविषयीची बातमी वाचताना ते उपयोगी पडतील.

१. रूप कोणते? गोळा, नळी की सपाट जाळी. लांब की आखूड. सुटे की पुंजक्यात? ‘कार्बनचे नॅनोकण’ हे एका पदार्थाचे नाव नसून मोठ्या कुटुंबाचे आडनाव आहे.

२. सोबत कोण आहे? द्रावक, साबण, धातू, की आधीचे प्रदूषण?

३. प्रमाण किती? ट्राउटच्या प्रयोगातले सर्वांत कमी प्रमाण लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे एक लाख नॅनोग्रॅम होते. नद्यांच्या पाण्यात नॅनोनळ्या किती असाव्यात याचे जे अंदाज २००९ मध्ये युरोप आणि अमेरिकेसाठी गणिताने काढले गेले, ते लिटरमागे एका नॅनोग्रॅमच्याही खाली होते. म्हणून घाबरून जायचे कारण नाही. पण वापर वाढत जाईल तसे हे आकडेही बदलणार, हे विसरता येणार नाही.

४. किती दिवस आणि कोणत्या वयात? दोन दिवस की संपूर्ण आयुष्य. अंडे, पिल्लू की मोठा मासा?

५. नियंत्रण गट होता का?

युरोपीय संघाच्या रसायनविषयक नियमांत २०२० पासून पदार्थाच्या नॅनोरूपाची माहिती उत्पादकांनी वेगळी द्यावी लागते. वरच्या प्रश्नांपैकी पहिल्याला कायद्याने दिलेले ते उत्तर आहे.

करून पाहा

या प्रयोगात कोणत्याही प्राण्याचा वापर करायचा नाही. घरच्या टाकीतल्या माशांवर तर मुळीच नाही. आपले जीव मूग आहेत.

मोठ्या माणसाच्या मदतीने समईच्या ज्योतीवर स्टीलची ताटली धरून थोडी काजळी जमवा आणि ताटली थंड होऊ द्या. चार वाट्या घ्या. पहिलीत नुसते पाणी. दुसरीत पाणी आणि चिमूटभर काजळी. तिसरीत पाणी आणि अर्धा चमचा कपडे धुण्याची पावडर. चौथीत पाणी, पावडर आणि काजळी. काजळी कोणत्या वाटीत तरंगते आणि कोणत्या वाटीत मिसळते ते पाहा. मग चार बशांत कापूस घालून प्रत्येकीत वीस-वीस मूग ठेवा आणि आपापल्या वाटीतले पाणी समान मापाने घाला. चार दिवस रोज किती मुगांना मोड आले आणि मोडाची लांबी किती, ते तक्त्यात लिहा.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या बशीवर हात ठेवून झाका. फक्त पहिली आणि चौथी बशी पाहून काजळीविषयी काय म्हणाल? मग हात काढा आणि पुन्हा सांगा. टेनेसीच्या प्रयोगाचा गाभा तुमच्या ओट्यावर आलेला असेल.

पालक आणि विश्वस्तांसाठी

विज्ञान प्रदर्शनात मुले हौसेने प्रयोग मांडतात, पण त्यांतल्या पुष्कळांना नियंत्रण गटाची जोड नसते. पालकांना आमची विनंती अशी, की घरी तयारी करून घेताना ‘तुलनेला काय ठेवले आहेस?’ एवढा एकच प्रश्न मुलांना विचारावा. महागड्या प्रतिकृतीपेक्षा या प्रश्नाचे उत्तर अधिक मोलाचे आहे. परीक्षकांनीही गुण देताना हे पाहावे, असे आम्ही सुचवतो.

विश्वस्त मंडळापुढे एक छोटी मागणी ठेवतो. मोरचूद आणि इतर धातूंचे क्षार असलेली द्रावणे प्रयोगशाळेच्या मोरीत न ओतता साठवण्यासाठी झाकणाचे वेगळे डबे आणि त्यांची योग्य विल्हेवाट यांची सोय व्हावी. जुन्या बॅटऱ्यांसाठी शाळेच्या दारात एक पेटी असावी. नॅनोकणांविषयीचे संशोधन अजून चालू आहे, पण मोरचूद पाण्यातल्या जीवांना घातक आहे हे केव्हाच सिद्ध झालेले आहे. आपल्या मोरीतले पाणी शेवटी कुठल्या तरी नदीतच जाते. विश्वामित्रीत मगरी राहतात हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. त्या मगरी ज्या माशांवर जगतात आणि ते मासे ज्या चिमुकल्या जीवांवर जगतात, त्यांचेही पाणी आपल्याच हातात आहे.

स्वाध्याय

१. दहा लाख भाग पाण्यात अर्धा भाग म्हणजे ५० लिटरच्या मत्स्यपेटीत किती मिलिग्रॅम?

२. टेनेसीच्या प्रयोगात तिसऱ्या प्रकारचे पाणी नसते, तर निष्कर्ष काय निघाला असता?

३. ‘मासा मेला नाही, म्हणून पदार्थ सुरक्षित आहे.’ हे विधान तपासा आणि लेखातील दोन उदाहरणे द्या.

४. डॅफ्नियाचे पोट शेवाळ खाल्ल्यावरच का साफ झाले असेल? स्वतःच्या शब्दांत लिहा.

५. वर्तमानपत्रातील ‘घातक’ किंवा ‘सुरक्षित’ हा शब्द असलेली एक बातमी कापून वहीत चिकटवा आणि तिला वरचे पाच प्रश्न विचारा. कोणत्या प्रश्नांची उत्तरे बातमीत नाहीत?

मुगांचे तक्ते आणि स्वाध्यायाच्या वह्या आपापल्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. निवडक तक्ते पुढच्या अंकात छापू.